अकरा नंबरचे डोळे

१

मरायला जगात शंभर कारणं असतील, पण त्यातलं एक कारण अकरा नंबरच्या मेंढ्याला लागू नव्हतं, आणि नेमक्या त्याच कारणाने तो मंगळवारी सकाळी मेला.

डॉक्टरांनी त्याचं पोट उघडलं आणि हातातली सुरी बाजूला ठेवली. चौथ्या पोटात, जिथे अन्न जिरतं, तिथे जंतांची नुसती गर्दी होती. दोऱ्याएवढे बारीक, लाल-पांढरा पीळ असलेले, रक्त पिऊन फुगलेले, आणि एकदोन नव्हे, हजारो. मेंढ्याच्या जबड्याखाली पाणी साचून पिशवी लोंबत होती. डॉक्टरांनी अंगठ्याने त्याची खालची पापणी ओढून पाहिली. आतला भाग निरोगी जनावरात लालबुंद असतो. हा पांढराफटक होता.

निवृत्त होऊन पाच वर्षं झाली तरी पापणी ओढायची सवय काही सुटली नव्हती. या मेंढी संशोधन केंद्रात नोकरीला असताना सगळे त्यावरून त्यांची चेष्टा करत. डॉक्टर लग्नाला गेले तर नवरदेवाचीही पापणी ओढून बघतील, असं म्हणत. पाच वर्षांत तशी चेष्टा करणारंही कोणी भेटलं नव्हतं. घरी ते आणि रेडिओ दोघंच असत, त्यातला रेडिओ जास्त बोलायचा.

"जंतच ना?" मागून संशोधक बाईंनी विचारलं. त्या जवळ आल्या नव्हत्या.

"जंतच."

"शक्य नाही." बाई शांतपणे म्हणाल्या. "डॉक्टर, हा अकरा आहे."

या केंद्राचं सगळं कामच त्या तीन शब्दांत होतं. ओल्या कुरणात चरणाऱ्या मेंढ्यांना जंत होतात. औषध देत गेलं की जंतच औषधाला सरावतात, आणि एक दिवस बाटल्याच्या बाटल्या पाजून उपयोग होत नाही. म्हणून बाईंनी बारा वर्षांपूर्वी औषध बंद करून दुसरी वाट धरली. काही मेंढ्यांच्या अंगातच अशी ताकद असते की जंत टिकत नाहीत. त्या शोधायच्या, त्यांचीच पैदास वाढवायची. दर महिन्याच्या एक तारखेला प्रत्येक जनावराच्या लेंड्यांतली जंतांची अंडी मोजायची. ज्याची अंडी जास्त, त्याच्या कानात लाल बिल्ला, आणि लाल बिल्ल्याची गाडी खाटकाकडे जायची. दयामाया नाही.

या सगळ्यात अकरा नंबर म्हणजे मुकुटमणी होता. सात वर्षं, दर महिन्याला, शून्य अंडी.

"परवा गुरुवारी त्याचे तीस मुलगे डोंगराकडच्या मेंढपाळांना द्यायचेत," बाई म्हणाल्या. "त्यांनी औषध बंद करायचं कबूल केलंय. माझ्या शब्दावर. कोणीतरी मारलंय त्याला, डॉक्टर. कोणी आणि कसं, ते मला गुरुवारच्या आत हवंय."

डॉक्टर हात धूत होते. बाईंच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. बाई आवारातल्याच दोन खोल्यांत एकट्या राहत.

"गेले दोन महिने मेंढ्यांचं कोण बघत होतं? मामा दिसत नाहीत?"

"मामांचा पाय मोडला नाही का? पाच आठवडे झाले, दवाखान्यात आहेत. मीच खायला घालते सगळ्यांना. तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

ठाऊक होतं. मामा म्हणजे केंद्राचे राखणदार. डॉक्टरांनी त्यांच्याबरोबर वीस वर्षं काढली होती. पाय मोडल्याचं कानावर आलं तेव्हा डॉक्टरांनी जायचं ठरवलं होतं. दवाखाना त्यांच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. मग आज जाऊ, उद्या जाऊ, असं करत ते राहून गेलं होतं.

"बरे आहेत ना?"

"असतील. ताई जाऊन आल्या वाटतं," बाई म्हणाल्या, आणि मेंढ्यावर गोणपाट टाकायला वाकल्या.

२

ताई म्हणजे मोजणीताई. प्रयोगशाळेच्या खिडकीशी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून चौदा वर्षं अंडी मोजणारी बाई. जेवताना भाताची शितंसुद्धा मोजत असेल, असा तिच्यावर सर्वांचा वहीम होता.

डॉक्टरांनी पहिली शंका तिथेच काढली. "अदलाबदल झाली असेल का? खरा अकरा पळवून दुसऱ्याच्या कानात त्याचा बिल्ला?"

"तुम्हीच सांगा ना. त्याचा कान तारेत फाटला होता, तो शिवला कोणी?"

डॉक्टरांनीच शिवला होता, सात टाके घालून, आणि वाकडा शिवला म्हणून मामांनी महिनाभर टोमणे मारले होते. आज सकाळी तो वाकडा व्रण त्यांनी स्वतः पाहिला होता. मेंढा अकराच होता, प्रश्नच नव्हता.

"मग मोजणीत काही?"

ताईने मान वर केली. "डॉक्टर, या खिडकीतून मी एक अंडं जास्त नाही लिहिलं की कमी नाही. त्याच्या काचपट्टीवर कधी काही नसायचंच."

डॉक्टरांचं लक्ष शीतकपाटाकडे गेलं. त्यात जंतांच्या जिवंत अळ्या पाण्यात घालून ठेवलेल्या असत, कोकरांना पाजून त्यांची परीक्षा घेण्यासाठी. चपट्या बाटल्या ओळीने उभ्या होत्या. एक, दोन, तीन, चार, पाच. सहाव्या बाटलीची जागा रिकामी होती.

"ताई, सहावी कुठे?"

ताईच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. किल्ली तिच्याच कमरेला होती. एका बाटलीत एक मेंढा मारण्याइतक्या अळ्या सहज मावतात, हे दोघांनाही माहीत होतं.

"पडली," ती पुटपुटली. "शनिवारी हातातून पडली, फुटली. बाई ओरडतील म्हणून बोलले नाही. तुकडे त्या डब्यात आहेत, बघा हवं तर. मी त्याला का मारीन हो? सात वर्षं मी रोज सकाळी त्याचं तोंड बघून कामाला बसलेय."

डॉक्टर स्टुलावर टेकले. "शनिवारीच फुटली ना? मग तुझी सुटका झाली. अळी पोटात गेल्यावर तिचा मोठा जंत व्हायला तीन आठवडे लागतात. मी बघितले ते सगळे चांगले जुने, पोसलेले होते. आणि जबड्याखालचं पाणी काय तीन दिवसांत साचत नाही. हा मेंढा दोन महिने हळूहळू रिकामा होत होता."

ताईने डोळे पुसले. पण तिच्या चेहऱ्यावर अजून काहीतरी शिल्लक होतं.

"बोल."

"एक तारखेचे आकडे, डॉक्टर. गेल्या महिन्याचा आणि या महिन्याचा." तिने वही पुढे सरकवली. अकरा नंबरच्या रकान्यात शेवटी तिच्या टपोऱ्या अक्षरात दोन शून्यं होती. "ही एवढी दोन शून्यं मी मोजलेली नाहीत."

३

"हो, मीच सांगितलं लिहायला," बाई म्हणाल्या. त्या अकराच्या रिकाम्या खणात उभ्या होत्या. "मामा नव्हते. दुसऱ्या कोणाला तो अंगाला हात लावू द्यायचा नाही. मामांच्या हातून बाटलीचं दूध पिऊन वाढलेला, लाडावलेला. मला दोनदा ढुशी मारली. म्हटलं, सात वर्षं शून्य आहे, आताही शून्यच असणार."

"आणि पापण्या?"

"पैदाशीच्या बाकीच्या सातही मेंढ्यांच्या पापण्या मी दर आठवड्याला बघितल्या." बाईंचा आवाज बारीक झाला. "अकराच्या कोण बघतं?"

जो सर्वांत भरवशाचा, त्याच्याकडेच कोणी बघितलं नव्हतं. बाईंना बोलून आणखी काय शिक्षा होणार होती?

"एक विचारू? त्याच्या मुलींचे आकडे कसे येतात?"

"चांगले येतात. बापासारखे शून्य नाहीत, पण चांगले. आया कमी पडतात थोड्या."

"आया," डॉक्टर म्हणाले आणि खणाच्या मागच्या बाजूला गेले.

तिथे आठ मेंढ्यांचे आठ ढीग होते. रोज सकाळी प्रत्येक खणातल्या लेंड्या झाडून त्याच्या त्याच्या ढिगावर टाकायच्या, ही बाईंची जुनी शिस्त. ताईच्या चार कोंबड्या अकराच्या ढिगावर चढून पायांनी माती उडवत होत्या. ताई हातातलं फडकं हलवत त्यांना हाकायला आली.

"या अलीकडे बिघडल्यात," ती म्हणाली. "आधी या ढिगाकडे फिरकत नसत. आता इथेच पडीक."

डॉक्टरांची पावलं थांबली.

"अलीकडे म्हणजे कधीपासून?"

"महिना झाला असेल. का हो?"

डॉक्टरांनी कोपऱ्यातलं फावडं उचललं, शेजारच्या बारा नंबरच्या ढिगात खुपसलं आणि एक उभा काप काढला. आत वरपासून खालपर्यंत भुसभुशीत माती होती. किडे, भुंगेरे, अळ्या यांनी लेंड्या फोडून त्यांचं खत करून टाकलं होतं. मग ते अकराच्या ढिगाकडे वळले. पासष्ट वर्षांच्या माणसाने घालू नये इतक्या जोराने त्यांनी फावडं घातलं.

काप बघून बाई पुढे आल्या. ढीग पट्ट्यापट्ट्यांचा होता. एक थर मातीचा, मग चार बोटं जाडीचा सबंध लेंड्यांचा, काल टाकल्यासारख्या अख्ख्या. पुन्हा माती, पुन्हा अख्ख्या लेंड्या. खालपर्यंत तसंच. फक्त सगळ्यांत वरचा मातीचा थर सलग होता, इतरांच्या दुप्पट जाड, आणि किड्यांनी वळवळणारा.

"या अख्ख्या लेंड्यांना किडा का नाही लागला?" ताईने विचारलं.

बाईंना उत्तर आलं होतं. त्यांनी भिंतीला हात टेकला.

"औषध," त्या म्हणाल्या. "जंतांचं औषध. ते लेंड्यांतून बाहेर पडतं, मग त्यात अळी जगत नाही. काही दिवस. मग पुन्हा नेहमीसारखं."

"महिन्यातून एकदा," डॉक्टर म्हणाले. "दर एक तारखेच्या आधी दोनतीन दिवस. म्हणून शून्य. वरचा जाड थर बघा, तिथे औषध थांबलं. दोन महिन्यांपूर्वी दिलं ते शेवटचं. बाई, त्याला कोणी मारलं नाही. कोणीतरी त्याला सात वर्षं जगवत होतं."

बाई वाकून त्या पट्ट्या बोटाने मोजू लागल्या. एकेक पट्टी म्हणजे वहीतलं एकेक शून्य होतं.

"कोण?" त्यांनी विचारलं.

४

औषधवाला फाटकाशीच भेटला. जंतांच्या औषधाचा विक्रेता. मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी खोकी. केंद्र त्याच्याकडून काही घेत नसे, आणि बाईंचं काम यशस्वी झालं असतं तर डोंगराकडची सगळी गिऱ्हाइकी बुडाली असती. अकराच्या मरणाने कोणाचा फायदा झाला असेल तर या एकट्याचा.

"माझ्यावर संशय आहे ना?" तो हसून म्हणाला. "घ्या, झडती घ्या. पण डॉक्टर, मेंढा मारायला मी औषध नेणार की जंत? माझ्याकडे तर औषधच असतं."

"या आवारातलं कोणी तुझ्याकडून घेतं?"

"कसलं घेतंय! बाईंनी बघितलं तर कान उपटतील." त्याने खोक्याचा पट्टा आवळला. "एक मामा घेतात. लहान बाटली, दर दोनतीन महिन्यांनी. माझं सर्वांत जुनं गिऱ्हाईक. घरी शेळी आहे म्हणे त्यांची. हल्ली दिसले नाहीत. तुम्ही जाऊन आला असाल ना दवाखान्यात? तुम्ही तर शेजारीच."

मामांची खोली डॉक्टरांना पाठ होती. एक खाट, एक स्टोव्ह, खुंटीवर दोन सदरे, भिंतीवर बायकोचा फोटो. शेळी बांधायला तिथे अंगणच नव्हतं.

सगळे जण आवारात कोण होतं हे शोधत होते. विचारायचं होतं ते एवढंच, की कोण नव्हतं. मामा पडले आणि औषध थांबलं. दवाखान्यातली खाट म्हणजे निर्दोषपणाचा केवढा पक्का पुरावा, आणि गुन्हा नेमका तिथेच निजला होता.

मागे बाई येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"गुरुवारची वाटणी मी थांबवतेय," त्या म्हणाल्या. "मेंढपाळांना आजच कळवते. त्या तिसांपैकी एकही जाणार नाही."

"तुमचं नाव जाईल, बाई."

"त्यांनी औषध बंद केलं असतं, डॉक्टर. या मुलग्यांच्या भरवशावर. अख्खे कळप गेले असते." त्यांनी नाक पुसलं. "मुलींचे आकडे चांगले आले ते आयांमुळे, हो ना? आणि मी आयांनाच नावं ठेवत बसले. आता आयांपासून सुरू करते." मग एकदम म्हणाल्या, "मामा रोज संध्याकाळी माझ्या पायरीवर येऊन बसायचे. दुसरं कोणी येत नाही माझ्याकडे. आम्ही नेहमी अकराबद्दलच बोलायचो. त्यांनी मला फसवलं म्हणून मी चिडायला पाहिजे ना? चिडतेच आहे. पण गेला महिनाभर ती पायरी रिकामी आहे, तेच जास्त लागतंय मला."

५

भेटीची वेळ चार ते सहा. दाराशी बसलेल्या नर्सने खाटेचा नंबर विचारला आणि डब्यातून भेटीचं कार्ड काढलं. प्रत्येक खाटेला एक कार्ड, येणाऱ्याने नाव आणि तारीख लिहायची. आधीच्या माणसाच्या कार्डावर दोन्ही बाजूंनी नावं भरली होती. तिने डॉक्टरांना दिलेलं कार्ड कोरं होतं.

"हे नवं आहे का? जुनं भरलं असेल," डॉक्टर म्हणाले.

"नाही हो. ते पहिलंच आहे त्यांचं."

डॉक्टरांनी पहिल्या ओळीवर नाव लिहिलं. बाईंना वाटलं ताई गेली, ताईला बाई गेल्या असं वाटलं असणार, औषधवाल्याला वाटलं डॉक्टर तर शेजारीच. आणि डॉक्टर आज-उद्या करत राहिले होते.

मामा कोपऱ्यातल्या खाटेवर होते, पाय प्लास्टरमध्ये वर टांगलेला. अर्ध्याने वाळले होते. डॉक्टरांना बघून त्यांचा चेहरा उजळला आणि लगेच विझला. वीस वर्षं एकत्र काम केलेल्या माणसाचा चेहरा वाचायला वेळ लागत नाही.

"गेला?"

"सकाळी."

शेजारच्या खाटेभोवती सहा माणसं जमली होती, त्यांच्यात हसणंखिदळणं चाललं होतं.

"ढीग खणला असणार तुम्ही," मामा म्हणाले. "दुसऱ्या कोणाच्या डोक्यात आलं नसतं."

"का केलंत मामा?"

"ही गेली तो हिवाळा. त्याच आठवड्यात याची आई मेली. माझ्याच खोलीत वाढला, रात्री पायाशी झोपायचा. खोलीत कोणाचा तरी श्वास ऐकू यायचा हो." मामांनी चादरीचं टोक मुठीत धरलं. "सहा महिन्यांचा झाला आणि परीक्षा आली. मी पापणी बघितली, फिकट. म्हटलं, लाल बिल्ला लागणार, गाडीत जाणार. एकदाच औषध दिलं. वाटलं, काठावर पास होईल, कोपऱ्यात पडून राहील. तर शून्य आलं. इतकं साफ शून्य की बाईंनी त्याला डोक्यावरच घेतलं. मग मागे फिरायला वाटच उरली नाही. दर महिन्याला वाटायचं, आज सांगू. बाई संध्याकाळी त्याच्याबद्दल इतक्या खुशीत बोलायच्या, की पुन्हा गप्प बसायचो."

"गुरुवारी त्याचे मुलगे डोंगराकडे जाणार होते."

"ठाऊक आहे. त्याच्याआधी सांगणारच होतो, देवाशपथ." मग मामा स्वतःच मान हलवून म्हणाले, "असं म्हणतोय आता. सांगितलं असतं की नाही, कोण जाणे."

"आणि हा पाय?"

"एक तारखेला दोन दिवस होते. पहाटे त्यालाच पाजायला निघालो होतो. पायरी ओली होती. पडलो तेव्हा बाटली खिशातच फुटली."

डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली. हा प्रश्न विचारू नये असं त्यांना वाटत होतं, तरी त्यांनी विचारला. "पण पाच आठवडे होते, मामा. कोणाला तरी सांगायचंत. एक घोट औषध द्या म्हणायचं. बाई रागावल्या असत्या, पण तो जगला असता."

मामांनी त्यांच्याकडे पाहिलं. रागाने नाही, नुसतंच.

"कोणाला सांगू?" ते म्हणाले. "चार वाजता दार उघडतं, मी उठून बसतो. रोज ठरवायचो, आज जो कोणी येईल त्याला सांगून टाकायचं. मग कोणीही असो." त्यांनी चादर सारखी केली. "सहाला दार बंद होतं."

दोन गल्ल्या. रेडिओ लावून बसलेल्या पस्तीस संध्याकाळी डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर आल्या, आणि त्यांना स्वतःची लाज वाटली.

सहाची घंटा झाली. शेजारची सहा माणसं उठली, डबे-पिशव्या आवरून गेली. डॉक्टर उठले नाहीत. ते पुढे वाकले आणि सवयीने अंगठा मामांच्या डोळ्याखाली ठेवून पापणी हलकेच खाली ओढली.

मामा हसले. डोळ्यांत पाणी होतं त्यातूनच हसले. "मेंढा समजलात काय मला? बोला, लाल का फिकट?"

"फिकट," डॉक्टर म्हणाले. "जेवत नाही तुम्ही. उद्या चारला येऊन पुन्हा बघतो."